चांगुणाचं बोट

बोरजाळीत लेकराची टाळू पडली की माणसं आधी चांगुणाकडे धावायची. देव आणि दवाखाना यांचा नंबर तिच्यानंतर लागायचा. टाळू म्हणजे तान्ह्या लेकराच्या डोक्यावरचा तो मऊ, धडधडणारा भाग. लेकराला हगवण लागली, उलट्या झाल्या की तो आत खचतो, त्या जागी खड्डा पडतो, आणि मग गावाच्या लेखी हगवण बाजूला राहून टाळू पडणं हाच आजार होऊन बसतो. पडलेलं उचलायचं असतं, एवढं साधं ते गणित होतं, आणि उचलायचं काम चांगुणाकडे होतं. उजव्या हाताचं मधलं बोट ती तेलात आणि चुलीतल्या राखेत बुडवायची, लेकराच्या तोंडात घालायची, पडजिभेच्या अलीकडे वर दाबायची. लेकरू टाहो फोडायचं. मग डोक्यावरच्या खड्ड्यात उडदाच्या भिजवलेल्या पिठाची टिकली लावून ती बजावायची, "टिकली वाळून घट बसली म्हंजे टाळू धरली. तवर पाणी न्हाई, दूध न्हाई. पाणी पाजलं की टाळू पुन्ना पडती."

चांगुणा बौद्धवाड्यातली. वाड्यानं धर्म बदलून बरीच वर्षं झाली होती, पण गावच्या विहिरीचा कारभार काही बदलला नव्हता. एरवी पोहऱ्याला हात लागला तर तोंड सोडणारी मोठ्या घरची बाई लेकरू छातीशी धरून रडत वाड्यात यायची आणि चांगुणाचं राखेनं माखलेलं बोट पोटच्या गोळ्याच्या तोंडात मुकाट जाऊ द्यायची. लेकरू बरं झालं की पोहरा पुन्हा वेगळा. चांगुणाला याचं हसू यायचं. खरं सांगायचं तर अभिमानही वाटायचा.

बरीच लेकरं वाचायची. वाचली की बोटाचं नाव व्हायचं. एखादं गेलं की चांगुणाजवळ एक वाक्य तयार असायचं. "टाळू लई खाली गेली व्हती, बाई. येळ झाला." हे ती लबाडीनं म्हणत नव्हती. तिला ते खरंच वाटायचं, आणि ऐकणाऱ्या आईलाही ते खरं वाटायचं, कारण त्या वाक्यात कुणाचाच दोष नव्हता.

दोन वर्षांमागे ते वाक्य तिला स्वतःच्या घरात म्हणावं लागलं होतं. जळबा हा तिचा एकुलता पोरगा, आणि सून पद्मा ही तिच्या सख्ख्या भावाची लेक. लग्नानंतरही पद्मा तिला आत्याच म्हणायची. त्यांचं पहिलं लेकरू उत्तम नुकतं बसायला लागलं होतं, तेव्हा त्याला हगवण लागली. चांगुणानं टाळू उचलली, टिकली लावली, पाणी तोडलं. उत्तम कोपऱ्यातल्या तांब्याकडे हात करून रडायचा. "दिसतो म्हणून मागून राहिलं. लपीव त्यो तांब्या," चांगुणा म्हणाली, आणि पद्मानं तांब्या उतरंडीमागे ठेवला. दुसऱ्या दिवशी हगवण थांबली. लेकरू दिवसभर चांगुणाच्या मांडीवर निपचित होतं आणि तिचं लुगडं कुठं भिजलं नव्हतं. तिनं दारात येऊन सगळ्या वाड्याला लुगडं दाखवलं. "धरली टाळू! बगा, कोरडं ठाक!" दिवस मावळायच्या आत उत्तम गेला.

आणि आता पुन्हा भाद्रपद आला होता. साल आणीबाणीचं. उत्तमच्या पाठीवर झालेली विशाखा अजून रांगायला लागली नव्हती, आणि आदल्या दिवशीपासून तिला जुलाब सुरू होते. पाण्यासारखे, चिंधी बदलायची फुरसत न देणारे. त्यावर उलट्या. सकाळ झाली तोवर पोरीचे डोळे खोबणीत गेले होते आणि पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती.

चांगुणानं तिसऱ्यांदा बोट तेलात बुडवलं. आदल्या दिवशी दोनदा टाळू उचलून झाली होती, दोन्ही वेळा टिकली बसली नव्हती. खड्डाच एवढा खोल होता की पिठाची टिकली आतल्या आत तुटून गळत होती. तिनं पोरीचं तोंड उघडलं, बोट आत घातलं. तोंडात ओल म्हणून नव्हती. बोट जिभेला चिकटत होतं. तिनं वर दाबलं, जोरानं दाबलं. पोरगी रडली नाही, चावली नाही, बोटाला झोंबली नाही. नुसती पडून राहिली.

हे बोटाला ओळखीचं होतं. उत्तमच्या शेवटच्या दुपारी असंच झालं होतं. त्यानंही बोट धरलं नव्हतं.

"आत्या, धरली का?" पद्मानं विचारलं. तिच्या चोळीला दुधाचे दोन डाग पडले होते. कालपासून अंगावर पाजायचं बंद, त्यामुळे छाती भरून दगड झाली होती आणि दूध आपोआप वाहत होतं. पोटची पोर कोरडी पडत चालली होती आणि आईचं दूध चोळीत जिरत होतं. हे कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं असं नाही, पण वागायची रीत ठरलेली होती.

चांगुणानं बोट लुगड्याला पुसलं. "दवाखान्यात न्यावं लागतंय," ती म्हणाली.

चांगुणाच्या तोंडून हा शब्द घरानं कधी ऐकला नव्हता. पद्मा तिच्याकडे बघतच राहिली. उंबऱ्यात बसलेला जळबा ताडकन उठला. "दवाखान्यात? माय, येडी झालीस का? आपुन होऊन वाघाच्या तोंडात जावं म्हंतीस?"

त्याचं भय काही मनचं नव्हतं. त्या दिवसांत नसबंदीच्या जीपचा आवाज आला की गावातले बापे ज्वारीत शिरायचे. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, त्यामुळे देशमुखाच्या पोरापासून सालगड्यापर्यंत सगळ्यांना एकाच सरीत उकिडवं बसावं लागायचं, आणि एरवी जे कुणाला जमलं नव्हतं ते सरकारनं करून दाखवलं, असं बायका आपसात म्हणायच्या. पण हसणं तेवढ्यापुरतं. बाजाराला गेलेल्यांना उचललं, बिनलेकराच्या माणसाला कापलं, अशा गोष्टी रोज येत होत्या. त्यातल्या खऱ्या किती आणि रचलेल्या किती हे कोण बघणार? दवाखान्याची पायरी चढली की औषधाआधी नसबंदीचं बोलतात, हे तर सगळ्यांनाच पाठ होतं.

"पोरगी मरून राहिली जळबा," चांगुणा म्हणाली.

"आन् मला कापलं तर? पोरगं न्हाई अजून माझ्या घरात. एक गेलं. ही बी..." तो पोरीकडे बघत नव्हता. "तूच उचल की टाळू. साऱ्या गावाच्या लेकरांची उचलतीस. घरच्याच पोरीला काहून तुझं बोट लागू पडंना?"

चांगुणाला ते फार लागलं. तिनं पोरीला जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलं आणि ती वाड्याबाहेर पडली. पद्मा मागून. जळबा थोडं अंतर ठेवून नदीच्या वाटेपर्यंत आला, मग मोटारीचा कसलासा आवाज झाला आणि तो ज्वारीत दिसेनासा झाला. आवाज फटफटीचा निघाला. पण तो परत आला नाही.

खाजा मियाचं घर गावाच्या तोंडाशीच होतं. पिंजाऱ्याचा धंदा, घरची एक बैलजोडी, आणि बाजाराला गाद्या न्यायला छकडा. तिनं अंगणातूनच हाक मारली. "खाजाभाई, गाडी जुपा. पोरगी जातीया माझी."

खाजा मिया कापूस पिंजायची धनुकली टाकून बाहेर आला. त्याच्या दाढीत कापूस अडकला होता. त्यानं पातळाचा तुकडा सरकवून पोरीचं तोंड बघितलं आणि काही न विचारता बैल छकड्याला जुंपले. त्याला दोन बायकांची लेकरं होती, वय काही फार झालेलं नव्हतं, दवाखान्याचं भय त्यालाही होतंच. "मला कापलं तर कापलं," गाडी हाकताना तो म्हणाला. "बराबर सात लेकरं झाली, बाई. आता काय तकलीफ? चला."

वाट काळ्या रानातली. मधल्या उघडिपीनं चिखल वाळून चाकोऱ्या कडक झाल्या होत्या आणि गाडी प्रत्येक चाकोरीत दणके खात होती. ऊन आश्विनाआधीच आश्विनासारखं लागत होतं. चांगुणानं पदर पोरीवर धरला होता. पोरगी डोळे अर्धे उघडे ठेवून पडली होती आणि माशा तिच्या पापण्यांवर बसत होत्या. पद्मा माशा हाकलत होती. चांगुणा मनातल्या मनात बुद्धाला विनवत होती, मग त्याच्या आईला, महामायेला, मग दर्ग्यातल्या पीरालाही. त्या घडीला तिला कोण कुणाचा याचं भान नव्हतं.

अर्ध्या वाटेवर ओढा लागला. बैल पाण्यात थांबले आणि पाणी प्यायला लागले. त्यांच्या पिण्याचा तो घुटघुट आवाज, आणि चाकांभोवती पाण्याची खळखळ. पोरीच्या ओठांची हालचाल झाली. जीभ थोडी बाहेर आली, कोरडी, पांढरी, आणि पुन्हा आत गेली.

"आत्या," पद्मा म्हणाली. "पाण्याचा आवाज कळून राहिला तिला. पदर भिजवून एक थेंब देऊ?"

"न्हाई."

"एकच. तोंडाला नुसतं."

"न्हाई म्हनलं ना! आतापातूर राखलंय, आता येळेला घात करतीस का? जी काय टाळू राहिली आसंल ती बी जाईल." चांगुणा ओरडली, आणि ओरडताना तिला रडू फुटलं. "खाजाभाई, हाका बैलं."

खाजा मियानं बैल हाकले. गाडी ओढ्यातून वर चढली. पद्मा मागे पाण्याकडे बघत राहिली आणि तिच्या चोळीवरचा डाग मोठा होत गेला.

सडकेच्या कडेला सरकारी दवाखाना होता. पत्र्याचं छप्पर, पुढे पडवी, आणि भिंतीवर सुखी कुटुंबाचं चित्र, ज्यातली माणसं गावात कधी कुणी पाहिली नव्हती. पडवीत एरवी खोकणारी, कण्हणारी माणसं असायची, आज चिटपाखरू नव्हतं. आतल्या खोलीत एक तरुण डॉक्टर टेबलावर डोकं टेकून बसला होता. दाढी वाढलेली, शर्टाची कॉलर मळलेली. गाडी थांबल्याचं ऐकून तो उठला आणि त्यानं पोरीला आईच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवलं. पोटाची कातडी ओढली. डोक्यावरच्या खड्ड्यात बोट ठेवलं. तोंडात बघितलं. "जुलाब कधीपासून? लघवी कधी झाली?"

"काल सकाळी झाली आसंल," पद्मा म्हणाली.

"पाणी किती पाजलं?"

पद्मा चोळीवर पदर ओढायला लागली.

"अहो, मी विचारतोय, पाणी किती दिलंत?"

"न्हाई दिलं," पद्मा म्हणाली.

"अजिबात? अंगावर?"

"त्ये बी न्हाई."

डॉक्टरचा चेहरा लाल झाला. "कुणी सांगितलं तुम्हाला पाणी तोडायला? कोण शहाणा भेटला?"

चांगुणाची नजर जमिनीकडे गेली. बोट तिनं मुठीत लपवलं होतं, का ते तिचं तिलाच ठाऊक. पद्मानं एकदा तिच्याकडे बघितलं आणि मग डॉक्टरला म्हणाली, "आमच्या गावात तसंच करतेत, साहेब."

चांगुणानं ते तसंच जाऊ दिलं.

डॉक्टरनं कपाट उघडलं, बंद केलं. दुसरं उघडलं. मग कपाटाला पाठ लावून उभा राहिला. "सलाईन नाही," तो म्हणाला. "एक बाटली नाही. सगळं नसबंदीच्या शिबिराला गेलंय. नर्स गेली, कंपाउंडर गेला, गाडी गेली. माझ्या केसेस कमी भरल्या म्हणून मला इथं बसवून ठेवलंय." तो हे कुणाला सांगत होता कळत नव्हतं. "बाप कुठाय हिचा?"

"ज्वारीत," दारातून खाजा मिया म्हणाला.

डॉक्टर हसला, पण त्या हसण्यात काही आनंद नव्हता. "बरोबर आहे. बसू द्या." मग तो पोरीजवळ परत आला. "हिंगोलीला न्यायचं म्हटलं तर वाटेतच..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "एक करता येईल. बंगालच्या निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपल्यावर मीठ-साखरेचं पाणी पाजून माणसं जगवली, असं मी वाचलंय. मी स्वतः कधी केलेलं नाही. पण दुसरं माझ्याजवळ काही नाही."

"पाणी?" चांगुणाच्या तोंडून निघालं. "साहेब, पाण्यानं जुलाब वाढतेत. टाळू आणखी पडंल."

"टाळू पडत नाही, आजी." त्यानं चांगुणाचा हात धरला आणि पोरीच्या डोक्यावर ठेवला. "अंगातलं पाणी जुलाबातून निघून गेलं म्हणून ही जागा खाली गेली. पाणी भरलं की आपोआप वर येते. जुलाब वाढले तर वाढू द्या. लेकरू जुलाबानं मरत नाही, सुकून मरतं."

चांगुणाचा हात तिथंच राहिला. तिच्या लहानपणी खाजा मियाचा बाप, पिंजायचं काम नसलं की, रेड्यावर चामड्याची पखाल लादून गढीवर पाणी भरायचा. भरलेली पखाल टम्म असायची आणि रिकामी झाली की मधोमध खोल खचायची. गावातली पोरं तिला आतून काठी लावून फुगवायचा खेळ करायची. काठी काढली की पखाल पुन्हा चपटी. तिला पाणीच लागायचं. एवढी गोष्ट तिनं पोरपणी बघितली होती, आणि सारा जन्म लेकरांच्या तोंडात बोट घातलं तरी तिला ती एकदाही आठवली नव्हती.

डॉक्टरनं स्टोव्ह पेटवला, पाणी उकळलं, परातीत तांब्या ठेवून निववलं. तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ टाकलं, चहाच्या डब्यातली उरलीसुरली साखर टाकली. "चाखून बघा," त्यानं तांब्या चांगुणापुढे केला. "डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये." चांगुणानं चाखलं. डोळ्यातलं पाणी तोंडात आधीच उतरलेलं होतं, त्यामुळे ताडून बघायला वेळ लागला नाही. "न्हाई, खारट न्हाई," ती म्हणाली.

पहिला चमचा पद्मानं पाजला. पाणी ओठाच्या कडेनं बाहेर आलं. दुसरा थोडा आत गेला. पाचसहा चमचे झाले आणि पोरीनं सगळं ओकून टाकलं. पद्मा किंचाळली. "थांबा जरा," डॉक्टर म्हणाला, "आणि पुन्हा द्या. थोडं थोडं द्या, पण थांबू नका. मधून अंगावर घ्या. लघवी झाली की मला हाक मारा. लघवी झाली तर समजा वाट सापडली." त्याचा आवाज खात्रीचा नव्हता, आणि ते तिघांनाही कळलं.

दुपार त्या चमच्यात गेली. कधी पद्मा पाजायची, कधी चांगुणा. पोरगी गिळायची, ओकायची, पुन्हा गिळायची. जुलाब होतच होते. प्रत्येक जुलाबाला चांगुणाचं काळीज तुटायचं, कारण जन्मभराची सवय तिला सांगत होती की तू हिला मारते आहेस. ती तरी चमचा भरत होती. एकदा पोरीचा श्वास इतका बारीक झाला की पद्मानं चमचा खाली ठेवला आणि दोघी नुसत्या तिच्या छातीकडे बघत राहिल्या. छाती हलली. पद्मानं चमचा उचलला. मधून तिनं पोरीला छातीशी धरलं, पण पोरीच्या ओठांत ओढायची ताकद नव्हती. मग पद्मानं हातानं दूध काढून चमच्यात घेतलं आणि तेही पाजलं.

साखर संपली तेव्हा पडवीत जळबा दिसला. दंडावर ज्वारीच्या पात्यांचे ओरखडे, चेहऱ्यावर धूळ. तो शेताशेतातून पायी आला होता. दारात येऊन त्यानं डॉक्टरपुढे हात जोडले आणि मान खाली घातली, जणू आता काय करायचं ते करा. "गूळ आण," डॉक्टर म्हणाला. "चांगला ढेकूळभर. पळ." जळबा पळत गेला आणि पळत आला. त्यानं गूळ ठेवला आणि भिंतीला टेकून बसला. पोरीकडे आता तो बघत होता.

उन्हं उतरून पडवीत आली. विशाखा चांगुणाच्या मांडीवर होती. पद्मा चमचा धरून होती, डोळे मिटत होते आणि दचकून उघडत होते. आता बराच वेळ पोरीनं ओकलं नव्हतं. चमचा ओठाला लागला की जीभ बाहेर येत होती, आणि मध्येच तिनं चमचा हिरड्यांत धरूनही ठेवला होता.

चांगुणाला मांडीवर काहीतरी कोमट ओलं लागलं. आधी तिला वाटलं जुलाब. तिनं हात खाली घातला, बघितलं, वास घेतला. "पदमे," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज चढला, "पदमे, मुतली गं! मुतली पोरगी!"

पद्मानं हात लुगड्यावर ठेवला. ओल दाबून बघितली, तळवा उलटा करून बघितला, तोच हात तोंडावरून फिरवला आणि ती हसायला लागली, रडता रडता हसायला लागली. खाजा मियानं पडवीतून मोठ्यानं अल्लाचं नाव घेतलं. जळबानं तोंड भिंतीकडे फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. डॉक्टर धावत आला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला आणि "वर येतेय," एवढंच म्हणून डोळे पुसत बाहेर गेला. पोरगी किरकिरली. बारीक, चिडका आवाज होता तो, आणि तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात पाणी दिसलं.

पद्माचं हसू हळूहळू थांबलं. तिचा हात अजून चांगुणाच्या लुगड्यावर होता.

"आत्या."

"काय गं?"

"उत्तमच्या येळेस हे कोरडं व्हतं."

चांगुणानं मांडीवरच्या पोरीला जवळ ओढलं.

"दिवसभर तुमच्या मांडीवर व्हता त्यो. तुमी दारात जाऊन समद्या वाड्याला लुगडं दाखवलं." पद्मा सावकाश बोलत होती, एकेक गोष्ट हातात घेऊन बघत असल्यासारखी. "त्यो तांब्याकडं हात करून राहिला व्हता. तुमी म्हनल्या आन् म्या तांब्या लपवला. आत्या, त्याला बी पाणीच पायजे व्हतं का?"

जळबानं भिंतीवरून तोंड वळवलं.

चांगुणाजवळ ते वाक्य तयार होतं. टाळू लई खाली गेली व्हती, येळ झाला. किती दारांत म्हटलेलं, किती आयांना पोटाशी धरून म्हटलेलं. ते ओठापर्यंत आलं. पद्मा त्याची वाटच बघत होती, तिला ते हवं होतं. ते म्हटलं असतं तर पद्मानं मान डोलावली असती आणि आत्या आत्याच राहिली असती. चांगुणाला भोवती बसलेल्या कितीतरी बाया दिसल्या, मोठ्या घरच्या, वाड्यातल्या, सगळ्यांच्या मांडीवर कोरडी लेकरं.

"व्हय," ती म्हणाली. "पाणीच पायजे व्हतं त्याला. येळ झाला नव्हता, पदमे. म्या तोडलं त्याचं पाणी."

पद्मा ओरडली नाही. तिनं वाकून विशाखाला चांगुणाच्या मांडीवरून उचललं. पलीकडच्या भिंतीशी जाऊन, सासूकडे पाठ करून ती बसली आणि तिनं पोरीला छातीशी धरलं. थोड्या वेळानं पोरगी दूध ओढायला लागल्याचा आवाज आला. पद्माची पाठ हुंदक्यांनी हलत होती, पण पोरीखालचा हात तिनं हलू दिला नाही.

जळबा आईजवळ आला. "माय, लुगडं भिजलंय तुझं," तो म्हणाला. "बाहेर हापसा हाय. पिळून घे."

"आसू दे," चांगुणा म्हणाली.

मांडीवरची ओल गार होत चालली होती. ती वाळू नये असं तिला वाटत होतं. तिनं तेवढा भाग मुठीत घट्ट धरला आणि ती पद्माच्या पाठीकडे बघत बसून राहिली.